जिभेवरची माती

३ नोव्हेंबर १९८७

ही डायरी १९८५ सालची आहे. रोह्याला एका कंपनीत कंत्राटावर सात आठवडे होतो, निघताना स्टोअरवाल्याने दिली. कोरीच होती, साहेबांच्या कपाटात पडून. छापलेले वार जुळत नाहीत, म्हणून तारीख खोडून वर आपली घालतो. नववीत दोनदा बसलेल्या माणसाच्या अक्षराबद्दल कोणी बोलू नये. तसं वाचणार तरी कोण आहे.

काल केरूदादाने रोह्याशेजारच्या अष्टमी गावात घरी बोलावलं. केरूदादा म्हणजे माझ्या गोदूआत्याचा मुलगा. अष्टमीत त्याच्या दोन खोल्या आहेत, कंपनीत शिफ्ट असते. मला म्हणाला, "जनू, होळीपर्यंत आईकडं राहशील? मग तिला इकडंच आणायचीय."

आत्याची वाडी धरमतरच्या खाडीलगत. गेल्या वर्षी श्रावणात उधाणाने बांध फुटला आणि खाडीचं पाणी तिच्या परसात शिरलं. ती तिथं माठ, मुळा, वांगी काढायची, पाटी भरून पेणच्या बाजारात न्यायची. बांध माघात दुरुस्त झाला, माती मात्र खारी राहिली. पानसुद्धा उगवत नाही. तरी आत्या हलायला तयार नाही. शेवटी मायलेकांचं ठरलं: होळीला त्या मातीतून एक ताट भाजी निघाली तर ती राहील, नाही तर घराला कुलूप.

"निघणार नाय," केरूदादा म्हणाला, "पण करू दे तिला. तू फक्त बघ तिच्याकडं."

बघतो म्हटलं. त्यात काय अवघड आहे.

५ नोव्हेंबर

वडखळला उतरून सरळ यायचं होतं, पण जेटीवर बार्ज लागला होता. तो रिकामा होईपर्यंत बघत बसलो, मग एक रात्र तिथंच झाली. आज पोचलो. आत्या ओट्यावर बसली होती. मी अंगणात आलो तरी ओळख दाखवली नाही. हाक मारली तेव्हा म्हणाली, "जनू व्हय? काल येणार होतास." मग माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. गालफडं बसलीत म्हणाली.

परस बघून मला केरूदादाचं पटलं. माती राखाडी, भेगाळलेली आणि वर पांढरं फूल आलेलं, पापडाच्या पिठासारखं. आत्याने विचारलं, "पांढरं कुठवर दिसतं रे?" मी म्हटलं, बांधापासून नारळापर्यंत. ती हूं म्हणाली, वाकली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. चार पावलं गेली, पुन्हा तेच. अशी सगळं परस चाखत फिरली. नारळाजवळ थांबून म्हणाली, "हितं करू. हितं त्यातल्या त्यात कमी हाय."

मीही चाखली. मला सगळीकडे सारखीच लागली. तोंड धुवायला गेलो तर समोरच्या घरातली मुलगी कुंपणापलीकडून बघत होती. "पावना माती खातो," ती घरात कोणाला तरी म्हणाली.

८ नोव्हेंबर

समोरची मुलगी मालू. तिचा बाप काळुराम मिठागरात काम करतो. ती म्हणते, "आमचा बा खार वर यायची वाट बघतो, तुमी खाली जायची. समोरासमोर घरं हायत, देवानं ऐकायचं कोनाचं?"

वाफा दहा हात लांब, तीन हात रुंद. रुंदी आत्याने आपल्या हाताने मोजली. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे आत पाय ठेवावा लागत नाही. पाय पडला की माती दगड होते, म्हणते. खणून भोवताली चर काढला, चर उताराला जोडला. पाठीचा पार भुगा झाला. कंपनीत बरं होतं असं दोनदा वाटलं, मग कंपनीतलं आठवलं आणि वाटायचं थांबलं.

२१ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एवढंच होतं की पाणी. तळ्यातून कावडीने पाणी आणायचं, वाफ्यात भरायचं, मुरू द्यायचं. खार पाण्याबरोबर खाली चरात जातो. पण माती सुकली की परत वर येतो, म्हणून सुकू द्यायची नाही, वर पेंढा अंथरून ठेवायचा. तळ्यापासून वाफ्यापर्यंत एकशे चाळीस पावलं. आत्याने सांगितलं, मी मोजून पाहिलं, बरोबर एकशे चाळीस. तिला घरातलं, परसातलं सगळं पावलांत पाठ आहे. चुलीपासून दार सहा, दारापासून वाफा एकवीस.

जुन्या माणसांचं डोकं वेगळंच.

संध्याकाळी चहा देताना तिने तो कपाबाहेर ओतला. बोलत होती ना. बोलायला लागली की तिचं लक्ष राहत नाही.

६ डिसेंबर

तीनदा धुऊन झालं. आज आत्याने चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकायच्या आधी थोडा वेळ तशीच राहिली. मी श्वास धरून बसलो होतो, हसू नये कोणी. म्हणाली, "गोडी होते हाय."

म्हटलं, "मग बी टाकायचं?"

"कशात? ही आता नुसती धुतलेली माती. उपाशी हाय. तिला खायला घाल आधी."

तर आता पातेरा पाहिजे, म्हणजे झाडाखालचा वाळका पाला, तूस पाहिजे, शेण पाहिजे, राख पाहिजे. मी विचारलं, माती अशी पूर्ण बरी व्हायला किती दिवस? म्हणाली, "दिवस नाय रे. तीन पावसाळे. एक गेला." मग होळीचं काय? "होळीपुरती एवढी दहा हात बरी झाली तरी बास."

१४ डिसेंबर

गडबला गेलो होतो. तिथं हायवेकडेला भाताची गिरण आहे, तूस फुकट मिळतं, आणि मागच्या आमराईत पातेरा गुडघाभर. सकाळच्या गाडीने जाऊन दुपारच्या गाडीने यायचं होतं. पण गिरणीसमोर हॉटेलात सखा भेटला. सखा आणि मी पेणला गणपतीच्या कारखान्यात एका हंगामात बरोबर होतो, मी सोंडा घासायचो. आता तो ट्रकवर आहे. होळीनंतर त्याला सुरतेच्या लाइनला क्लीनर लागणार. येशील का म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. सुरत मी पाहिलेली नाही. मग नागोठण्यापर्यंत त्याच्या गाडीतून जाऊन आलो, उगाच.

सहा पोती एसटीच्या टपावर चढवली तेव्हा दिवस मावळला होता. कंडक्टरने विचारलं, पोत्यांत काय? म्हटलं, माती आहे, अजून झालेली नाही. तो मला वेडा समजला.

आत्या दारात उभी होती. सुरतेचं सांगितलं. "चांगलं हाय," म्हणाली. मग सुई-दोरा पुढं केला, "ओवून दे." मला काहीतरी काम द्यायचं म्हणून देते. रोज दोन सुया.

२९ डिसेंबर

पातेरा, शेण, तूस, राख, थरावर थर, वर पाणी शिंपडून पेंढ्याने झाकलंय. निम्मंच वाफ्यात घातलं, निम्मं कुंपणाकडेला ढीग करून ठेवलं. मी म्हटलं, सगळं घालून टाकू ना, लवकर होईल. आत्या म्हणाली, "सगळं एकदम कधी घालायचं नाय. चुकलं तर हातात काय उरतं?"

ढिगात हात घातला तर आत ऊब होती. मालूला बोलावून दाखवली. तिने हात घातला, मग बराच वेळ काढलाच नाही. "व्हय की," म्हणाली. थंडी होती म्हणून असेल.

११ जानेवारी १९८८

वाफ्यातली माती आता काळसर झाली आहे, मूठ आवळली की गोळा होतो आणि बोटाने ढोसला की फुटतो. आत्या हे दिवसातून चारदा करते. एक गांडूळ सापडलं. मी ते पानावर घेऊन तिच्यासमोर धरलं, ती भलतीकडे बघत होती. तळहातावर ठेवलं तेव्हा हसली. एवढी हसलेली मी तिला पाहिली नव्हती. म्हणाली, "आला बाबा. आता हा सांगल दुसऱ्यांना."

उद्या केरूदादा तिला चार दिवसांसाठी अष्टमीला नेणार आहे, दवाखान्यात काही दाखवायचंय. म्हातारपणात असतंच काहीतरी. ती आली की पंधरा तारखेला बी टाकायचं. माठाचं बी तिने बांध फुटायच्या आधीपासून राखेत जपून ठेवलंय, तांब्यात, मूठभर. तेवढंच आहे.

१४ जानेवारी

आज मी असं काम केलंय की आत्या आली की खूश होईल.

धरमतरला गेलो होतो. बंदरावर मासळी सुकवतात तिथं डोकी, शेपट्या, आतडी यांचा ढीग असतो. आमच्याकडे नारळाला, भाजीला मासळीचं खत घालतात हे पोरंटोरं पण जाणतात. ज्याच्या परसात घालतात तिथली भाजी बाजारात वेगळी दिसते. धोंडुबाई म्हणून एक म्हातारी कोळीण होती, ने म्हणाली, तेवढीच माशी कमी. तीन पोती आणली. एकट्याने वाफ्यात वीतभर खाली पुरली, वर माती, वर पेंढा. आंघोळ दोनदा केली तरी मालू कुंपणापासून लांब उभी राहून बोलली. "गोदूमावशीला विचारलंस?" म्हणाली.

दर वेळी विचारून करायला मी काय पोर आहे.

१६ जानेवारी

आत्या काल आली. अंगणातच थांबली. वास घेतला. मी म्हटलं, खत घातलंय, मासळीचं, तीन पोती. ती एकवीस पावलं चालत गेली, बसली, पेंढा सारला, चिमूट जिभेवर ठेवली.

थुंकली नाही. मग म्हणाली, "ताजी व्हती का खारवलेली?"

मला प्रश्नच कळला नाही. मग कळला. सुकवायच्या आधी मिठात घालतात त्यातलं होतं ते. मीठ. तीन पोती मिठातली मासळी मी त्या वाफ्यात पुरली, ज्यातून कावडीने पाणी घालून महिनाभर मीठ धुतलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "हात धू. जेवून घे."

१७ जानेवारी

पेण. मोटारस्टँडवर बसून लिहितोय. सकाळी ती उठायच्या आत निघालो. पिशवी घेतली. केरूदादाने मला बघायला ठेवलं होतं आणि मी तिचं घर घालवलं. होळीला दीड महिना. आता ती अष्टमीला जाणार आणि त्या दोन खोल्यांत भिंतीला टेकून बसणार.

सखा सध्या इथंच माल भरतो असं कळलं. होळीपर्यंत कशाला थांबायचं.

१९ जानेवारी

सखा भेटला नाही. खरं म्हणजे शोधला नाही. गणपतीच्या कारखान्यात जाऊन बसलो. हंगाम नाही, पण एकजण शाडूची माती मळत होता. मी नकळत चिमूट उचलून जिभेवर ठेवली. तो बघतच राहिला. गोडी होती. बेचव म्हणजे गोडी, हे मला आता कळतं.

तो म्हणाला, "काय रे, डोहाळे लागले काय?"

दुपारच्या गाडीत बसलो. गाडी वाटेत बंद पडली तरी उतरून इकडंतिकडं गेलो नाही.

२० जानेवारी

हे नीट लिहून ठेवतो.

काल मी परसात आलो तेव्हा आत्या वाफ्याजवळ बसली होती. हाताने वरची माती काढून घमेल्यात भरत होती, मासळीसकट. मालू भरलेलं घमेलं रिकामं करायला गेली होती. मी वाफ्याच्या पलीकडे, अगदी समोर उभा राहिलो. तीन हातांवर. बराच वेळ. तिने एकदा मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. जसा मी तिथं नव्हतोच. एवढा राग मी तिच्यात कधी पाहिला नव्हता. परत फिरणार होतो, तेवढ्यात नाकात काहीतरी गेलं आणि शिंक आली.

तिचे हात थांबले. "जनू?" म्हणाली. आवाज कसा झाला होता ते मला लिहिता येत नाही. मग म्हणाली, "आलास तर कुदळ घे. पोरीचे हात गेले."

मातीचं घमेलं उचलून विचारलं, कुठं टाकू, खाडीत?

"खाडीत कशाला? नारळाच्या बुडात घाल. नारळाला मीठ चालतं. भाजीला नाय चालत. वाईट काय आणलं नायस तू, भलत्या जागी घातलंस."

मालू माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "तीन दिवस दाराशीच बसली व्हती. आवाज आला की इचारायची, जनू का गो."

१ फेब्रुवारी

दोनदा परत धुतलं. हात फोडांनी भरले ते बरे झाले, परत भरले. कुंपणाकडेला राखलेला निम्मा ढीग आता वाफ्यात गेला. तो होता म्हणून. आत उघडला तेव्हा पाला पाला राहिला नव्हता, काळा, मऊ, पाऊस पडून गेल्यावर रानाचा येतो तसा वास.

आत्याने चाखली. मी चाखली. मालूनेही चाखली, कोणी सांगितलं नसताना. मालूने आणि मी एकमेकांकडे बघितलं. "बी आण," आत्या म्हणाली.

माठाचं बी मोहरीहून बारीक, काळं. राखेत मिसळून टाकतात, म्हणजे सारखं पडतं. तिने डोळे मिटून बी टाकलं, गाणं म्हणणारे मिटतात तसे. एक चिमूट मागं ठेवली, तांब्यात.

९ फेब्रुवारी

काही नाही.

१० फेब्रुवारी

पहाटे आत्याने उठवलं. मला वाटलं पडली की काय. वाफ्याकडे घेऊन गेली, माझं बोट धरून मातीवरून फिरवलं. बोटाला काहीतरी टोचल्यासारखं, नाही, गुदगुल्या केल्यासारखं लागलं. उजाडल्यावर दिसलं. लाल लाल टाचण्या, ओळीने नाही, जिकडंतिकडं. अंधारात तिला कसं कळलं देव जाणे.

मालूला हाक मारली, ती केस मोकळेच ठेवून आली. मी टाचण्यांकडे बघायचं सोडून दुसरीकडेच बघत राहिलो. तिने विचारलं, काय? म्हटलं, काही नाही.

४ मार्च

काल होळी झाली. केरूदादा पोळ्या घेऊन आला. आत्याने पानात पहिल्यांदा माठ वाढला, लाल रस भातात उतरला. केरूदादाने एक घास खाल्ला आणि खाली मान घालून खातच राहिला. दुसऱ्यांदा मागून घेतला. "हीच चव," म्हणाला. डोळे पुसले, मिरची लागली म्हणाला. मिरची नव्हती त्यात.

आत्या आत गेल्यावर तो ओट्यावर आला. म्हणाला, "जिंकली म्हातारी. शब्द दिलाय, मी काय बोलणार नाय. पन जनू, पुढं काय? भाजी झाली म्हणून डोळे येणार हायत का?"

"कुणाचे डोळे?"

"आईचे," तो म्हणाला.

काचबिंदू. दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, माणूस उभा असला तर सावलीसारखा, नाही तर तेही नाही. जानेवारीत दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही.

"तुला बघायला ठेवला तो कशाला मग? चार महिने एका घरात राहून तुला दिसलं नाय?"

मालू पायरीवर होती. म्हणाली, "सगळ्या आळीला म्हाईत हाय."

मला चहा आठवला. सुया आठवल्या. एकशे चाळीस पावलं. मी तीन हातांवर उभा आणि तिने वर केलेली मान. तिने रागाने बघितलं नव्हतं. बघितलंच नव्हतं.

केरूदादा म्हणाला, "सोबतीला कोन असलं तर मी कशाला नेतो तिला घरातून? अष्टमीत तिला दार पण सापडत नाय. पन कोन राहणार?"

म्हटलं, "मी आहे ना."

तो हसला, वाईट नाही हसला. "तू? तू कुठं तीन महिने टिकलायस रे?"

"चार झाले," मालू म्हणाली. "मदी तीन दिवस सोडून."

आतून आत्याचा आवाज आला, "त्याला सुरतेला जायचंय. त्याला बांधू नका."

मी आत गेलो. ती चुलीसमोर बसून दुसरी सुई ओवायला माझी वाट बघत होती. विचारलं, "आत्ये, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू माझी कीव केली असतीस," ती म्हणाली. "मग पानी कोन भरणार व्हता?"

७ मार्च

सखाची गाडी काल सुरतेला गेली असेल.

आज दिवसभर बांबू पुरले. दारापासून वाफ्यापर्यंत एकवीस पावलं, पाच बांबू. तिथून तळ्याच्या वाटेला नऊ. काथ्याची दोरी कंबरेच्या उंचीवर ओढून बांधली. आत्या ओट्यावर बसून ठोकाठोक ऐकत होती. संध्याकाळी उठून आली, दोरी हाताला लागली, गाठ चाचपली.

"ही कुणाला?"

"मला," म्हटलं. "मला मधेच भलतीकडं जायची सवय आहे."

तिने दोरी एकदा ओढून बघितली, पक्की आहे का म्हणून.

८ मार्च

सकाळी उठलो तर आत्या वाफ्यापाशी होती, पेंढा सारून चिमूट जिभेवर ठेवत होती. दोरीला हात न लावता गेली होती, एकवीस पावलं, सरळ. दोरीवर तिचं लुगडं वाळत होतं, शेजारी माझा शर्ट, धुतलेला.

दुसरा वाफा कुठं खणायचा ते विचारलं. म्हणाली, आधी चाखून ये.